घोडीचे जंत पोराला लागतात का?

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. लोणावळ्यात त्या दिवसांत सकाळ कधी झाली आणि दुपार कधी झाली हे घड्याळात बघूनच कळतं. दवाखान्यात सर्दी, ताप, जुलाब यांची रांग लागलेली. त्या रांगेत साठीच्या एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन बसल्या होत्या. सोबत सून होती.

आजींनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. "मॅडम, याला रातीची झोप नाय. सारखा खाली खाजवतोय. आन् आमची राणीपण शेपटीचं बूड भिताडाला घासून घासून केस घालवून बसलीय. तिचंच याला लागलं असंल ना?"

राणी म्हणजे त्यांची घोडी. हे कुटुंब घोडेवाल्यांचं. पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत पर्यटकांना फेऱ्या मारून आणायच्या, लग्नसराईत वरातीला घोडी न्यायची, यावर घर चालतं. सून इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या माहेरचे म्हणतात, घोडी विकून टाका, नाहीतर पोराला तरी आमच्याकडं पाठवा."

प्रश्न सोपा होता आणि त्याचं उत्तरही मला माहीत होतं. पण त्या घरातला कर्ता माणूस, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, आत आलाच नव्हता. बाहेर ताडपत्रीखाली उभा होता. गेल्या चार वर्षांत तात्यांनी त्यांच्या रक्तदाबाबद्दल मला बरंच काही विचारलं, पण घोड्याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. त्याला कारण मी होते. ते कारण आज या लेखात सांगणार आहे, कारण त्यातून जे शिकले ते घोडा नसलेल्या वाचकांच्याही उपयोगाचं आहे.

मी दिलेला एक सल्ला

चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरची गोष्ट. तात्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. राणीला जूनमध्ये शिंगरू झालं होतं. उठता उठता ते म्हणाले, "शिंगराचं पोट सुटलंय, अंगावर केस उभे राहिलेत, खोकतंय पण. जंत असतील काय?"

मी कागदावर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "असतील. द्या जंताचं औषध. त्यानं काय होतंय?"

माणसांच्या दवाखान्यात हे वाक्य आम्ही दिवसातून चार वेळा म्हणतो. तात्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. घोड्यांसाठीची जंतनाशक पेस्ट आणली आणि अंदाजानं शिंगराच्या तोंडात सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून शिंगरू पाय झाडू लागलं, मान वळवून पोटाकडे बघू लागलं, घामाघूम होऊन लोळू लागलं. संध्याकाळी नाकातून हिरवट पाणी यायला लागलं. घोड्याला माणसासारखी उलटी होत नाही. जठर भरून मागे दाब आला की पाणी नाकातून येतं, आणि ते लक्षण फार वाईट.

माझा शाळेतला एक मित्र पशुवैद्यक आहे. तो तळेगावहून रात्री आला. नाकातून नळी घातली, वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. शस्त्रक्रियेसाठी न्यायचं बोलणं चाललं असतानाच पहाटे शिंगरू गेलं.

सकाळी त्यानं शवविच्छेदन केलं. मी तिथं होते. लहान आतडं एका जागी पांढऱ्या जंतांनी गच्च भरलं होतं. पेन्सिलीएवढे जाड, फूटभर लांब जंत एकमेकांत गुंतून दोरखंड झाला होता. पलीकडे आतडं रिकामं.

मित्र हात धूत म्हणाला, "अगं, जंत आहेत हे तू बरोबर ओळखलंस. औषधसुद्धा जंताचंच होतं. पण किती आहेत, कुठले आहेत, हे न बघता एका फटक्यात सगळे लुळे केले. मग ते जायचे कुठून?"

तात्या काहीच बोलले नाहीत. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

माणसांतही हे दिसतं. पोटात खूप जंत झालेल्या लहान मुलाचं आतडं जंतांच्या गोळ्यानं तुंबल्याचं सर्जन मंडळींनी पाहिलेलं असतं. मी ते पुस्तकात वाचलं होतं. तरीही शिंगराचं सुटलेलं पोट आणि खोकला ऐकून मला ते आठवलं नाही, कारण मी नीट ऐकतच नव्हते.

घोड्यांमध्ये जंत किती आढळतात?

त्या प्रसंगानंतर मी मित्राला पहिला प्रश्न हाच विचारला. त्याचं उत्तर होतं, "चरणाऱ्या घोड्यात जंत नाहीत असं सहसा होत नाही. जंत आहेत का, हे विचारूच नकोस. कुठले, किती आणि कुठल्या वयाच्या घोड्यात, ते विचार."

आपल्या मावळात घोडे अनेक कामांचे आहेत. पर्यटकांना फिरवणारे, वरातीचे, बैलगाडा शर्यतीत घाटात बैलांपुढे पळणाऱ्या घोड्या, मेंढरांसोबत कोकणात उतरणाऱ्या धनगरांची ओझ्याची तट्टं, आणि पुण्याच्या आसपासच्या फार्मवरची उंची जनावरं. खाणं, राहणं, किंमत सगळं वेगळं. पण गवताला तोंड लावणाऱ्या घोड्याच्या पोटात कुठले ना कुठले जंत असतातच. मुख्य मंडळी अशी :

छोटे स्ट्राँगाइल : सगळ्यात जास्त आढळणारे हेच. याच्या सुमारे पन्नास जाती आहेत. जंत जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे, केसासारखे बारीक. यांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्वतःभोवती कवच करून महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांपर्यंत झोपून राहतात. बहुतेक घोड्यांना यांचा त्रास जाणवत नाही. पण हजारो अळ्या एकाच वेळी भिंत फोडून बाहेर आल्या तर जोराचे जुलाब होतात, घोडा झपाट्यानं खंगतो आणि मरूही शकतो.

मोठे स्ट्राँगाइल : संख्येनं कमी, पण जास्त घातक. यातल्या एका जातीच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत जाऊन राहतात. तिथं रक्ताची गुठळी होते आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. हृदयविकारात जे हृदयाचं होतं तसंच काहीसं इथं आतड्याचं होतं.

गोल जंत : शिंगराचा जीव घेतला तो हाच. त्याची मादी रोज लाखाच्या घरात अंडी घालते आणि ती अंडी जमिनीत काही वर्षं टिकतात. शिंगरू जमीन चाटताना, लीद हुंगताना ती गिळतं. अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, म्हणून खोकला. तिथून खोकल्यावाटे घशात येऊन परत गिळल्या जातात आणि आतड्यात मोठ्या होतात. साधारण वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत शिंगराची प्रतिकारशक्ती तयार होते आणि मग हे जंत फारसे राहत नाहीत.

पिनवर्म : घोडा शेपटीचं बूड घासतो तो यांच्यामुळे. याबद्दल पुढे सांगते.

पट्टकृमी : गवतातल्या अगदी बारीक किड्यांसोबत पोटात जातात. लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं चिकटून राहतात आणि पोटशुळाचं कारण होऊ शकतात.

बॉट माशीच्या अळ्या : हे जंत नव्हेत. मधमाशीसारखी दिसणारी माशी घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर पिवळी, लिखांसारखी अंडी चिकटवते. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडात जातात आणि जठराच्या अस्तराला आकड्यांनी लटकून आठ-दहा महिने राहतात. खरारा करताना ही अंडी दिसतात, म्हणून घोडेवाल्यांना ती चांगली ओळखीची असतात.

दोन आजार असे आहेत की त्यांची आपल्याकडची नावं इंग्रजी पशुवैद्यकाच्या पुस्तकांतही गेली. एक 'बरसाती'. पावसाळ्यात घोड्याच्या जखमा भरत नाहीत, चिघळत जातात. माश्या जठरातल्या एका जंताच्या अळ्या आणून जखमेवर सोडतात, हे त्याचं एक मोठं कारण. दुसरा 'कुमरी', म्हणजे कमरेचा आजार. गायीबैलांच्या पोटात राहणाऱ्या एका लांब जंताची पिल्लं डासांमार्फत घोड्याच्या अंगात जातात. तिथं ती वाट चुकून मज्जारज्जूत शिरली की घोड्याची कंबर लुळी पडते. गोठा आणि तबेला एकाच छपराखाली आणि भोवती भातखाचरांचं पाणी, अशी घरं मावळात पावलोपावली आहेत. तिथं डासांसाठी संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आणि आसपासचं साचलेलं पाणी काढणं, हे घोड्याच्या कमरेसाठीसुद्धा महत्त्वाचं आहे.

मग पोराची खाज कुठून आली?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ.

नातवाला झाले होते ते माणसाचे पिनवर्म. यांना आपण बोलीभाषेत 'सूतकिडे' म्हणतो. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, मादी साधारण एक सेंटिमीटर. रात्री मूल झोपलं की ती गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, म्हणून खाज रात्रीची. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात जातात. शिवाय अंथरूण, चड्डी, भावंडांचे हात. म्हणून हे एका मुलाला झाले की घरात बऱ्याच जणांना असतात.

राणीला होते ते घोड्याचे पिनवर्म. मादी दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब. तीही बाहेर येऊन शेपटीखाली चिकट द्रवात अंडी घालते, ती वाळली की खाज सुटते. घोड्याला हात नसतात, म्हणून तो भिंतीला घासतो. तपासायची पद्धतसुद्धा दोघांची एकच आहे. सकाळी आंघोळीआधी त्या जागी सेलोटेप लावून काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

इतकं साम्य असूनही दोन्ही जंत वेगळे आहेत. घोड्याचा पिनवर्म माणसाच्या आतड्यात जगत नाही आणि माणसाचा घोड्याच्या. वर सांगितलेले घोड्याच्या आतड्यातले गोल जंत, स्ट्राँगाइल, पट्टकृमी यांचंही तेच. आजींच्या घरात दोघांना एकाच वेळी खाज सुटली हा योगायोग होता. नातवाचे जंत बहुधा शाळेतून किंवा शेजारच्या मुलांकडून आले होते, आणि राणीची खाज राणीची होती. घोडा शेपूट घासतो याची कारणंही निरनिराळी असू शकतात. उवा किंवा चिलटं चावल्याची ॲलर्जी यानंही घोडे घासतात. त्यामुळे तेही तपासूनच ठरवावं लागतं.

मी सुनेला म्हणाले, "घोडी विकू नका. पोराची नखं कापा."

नातवाला आणि घरातल्या सगळ्यांना अल्बेंडाझोलची गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक. हा दुसरा डोस महत्त्वाचा, कारण गोळी जंत मारते पण अंडी शिल्लक राहतात. सोबत रोज सकाळी आंघोळ, चड्डी रोज बदलणं, चादरी गरम पाण्यात धुऊन जमेल तशा उन्हात किंवा चुलीजवळ वाळवणं, आणि जेवणाआधी साबणानं हात धुणं. शाळेत १० ऑगस्टच्या सुमारास राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी देतात, तेव्हा हा मुलगा घरी होता. २०१५ पासून ही मोहीम सुरू आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती मिळते. मूल गैरहजर राहिलं तर नंतरच्या फेरीत ती चुकवू नका. गरोदर बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंताचं औषध घेऊ नये.

घोड्याकडून माणसाला काय होऊ शकतं?

घोड्याचे आतड्यातले जंत होत नाहीत म्हणजे तबेल्यात काहीच धोका नाही असं नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, धनुर्वात. याचे जिवाणू घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत असू शकतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. तबेल्यात नाल, खिळा किंवा काच लागली तर जखम साबणानं धुऊन लगेच दवाखान्यात या. घोड्यांत राहणाऱ्या प्रत्येकाची धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. घोड्यालाही ही लस देतात. त्याला हा आजार माणसापेक्षाही लवकर होतो.

दुसरी, तबेल्यातली कुत्री-मांजरं. त्यांचे काही जंत माणसाला, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना त्रास देऊ शकतात. लोक घोड्याला घाबरतात आणि कुत्र्याचं तोंड चाटून घेतात. त्या कुत्र्यालाही पशुवैद्यकाकडे न्या.

तिसरी गोष्ट फार दुर्मीळ आहे, पण आपल्या महाराष्ट्रातली आहे. घोडे, उंट आणि गुरांना 'सर्रा' नावाचा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो. चावऱ्या गोमाश्या तो पसरवतात. घोड्याला राहून राहून ताप येतो, तो पांढरा पडतो, पायांवर सूज येते. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकानं तेव्हाच्या पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात हा परजीवी पहिल्यांदा पाहिला. तो माणसाला होत नाही असंच सव्वाशे वर्षं मानलं जायचं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. औषधोपचारानं तो बरा झाला. पुढे असं दिसलं की या परजीवीला मारणारं जे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, ते त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हतं. म्हणजे आपण सर्राला बळी पडत नाही ते नशिबानं नव्हे, रक्तातल्या एका प्रथिनामुळे. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण जनावरांत राहणाऱ्या माणसाचा ताप राहून राहून महिनाभर येत असेल तर डॉक्टरांना "घरी घोडे, गुरं आहेत" हे आवर्जून सांगा.

दर दोन महिन्यांनी औषध दिलं तर?

हा प्रश्न मला माणसांबद्दलही रोज विचारतात. "मॅडम, दर महिन्याला एक गोळी देऊन टाकली तर?"

घोड्यांच्या बाबतीत जगानं हे करून पाहिलं आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी इथल्या दोन शास्त्रज्ञांनी दर सहा-आठ आठवड्यांनी जंतनाशक द्यायची पद्धत सुचवली. तेव्हा तिची गरज होती, कारण धमनीत राहणाऱ्या त्या मोठ्या स्ट्राँगाइलनं घोडे मरत होते. तो जंत खरोखरच कमी झाला. पण तीच सवय पुढची कित्येक वर्षं सगळीकडे चालू राहिली. दर वेळी औषधाला पुरून उरणारे थोडे जंत मागे राहिले, त्यांचीच प्रजा वाढली. आज जगाच्या अनेक भागांत छोटे स्ट्राँगाइल एक-दोन प्रकारच्या औषधांना जुमानत नाहीत, आणि शिंगरांचे गोल जंत आयव्हरमेक्टिनला दाद देत नाहीत. अँटिबायोटिकच्या बाबतीत आपण जे केलं तेच. डेन्मार्कनं १९९९ पासून घोड्यांचं जंतनाशक चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं, ते याचसाठी.

आणि घोड्यांसाठीची नवी औषधं रांगेत उभी नाहीत. आहेत तीच जपून वापरायची आहेत.

आयव्हरमेक्टिनचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगते. हे औषध १९८१ मध्ये आधी जनावरांसाठी आलं. घोड्याच्या कातडीत राहणाऱ्या एका जंताच्या पिल्लांवर ते चालतं हे दिसल्यावर, त्याच्याच जातभाईमुळे माणसांना आफ्रिकेत जे अंधत्व येतं त्यावर ते वापरून पाहायची कल्पना विल्यम कॅम्बेल यांना सुचली. पुढे लाखो माणसांची दृष्टी वाचली. हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेतही आज ते वापरलं जातं. २०१५ चं नोबेल कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना मिळालं त्यामागे घोड्याचंही थोडं पुण्य आहे. असं औषध आपण अंदाजपंचे वापरून बोथट करू नये.

मग करायचं काय?

माझ्या मित्रानं तात्यांना जे सांगितलं तेच इथं देते. अंतिम सल्ला तुमच्या पशुवैद्यकाचाच.

लीद तपासून घ्या. सकाळची ताजी लीद, लिंबाएवढे दोन-तीन गोळे, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोचवा. प्रत्येक घोड्याची वेगळी पिशवी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. एक ग्रॅम लिदीत किती अंडी आहेत हे मोजतात. मोठ्या घोड्यात आकडा २०० ते ५०० च्या वर गेला तर साधारणपणे औषध देतात. औषधानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं की औषध लागू पडलं का तेही कळतं. या मोजणीला मर्यादा आहेत. आतड्याच्या भिंतीत झोपलेल्या अळ्या, बॉटच्या अळ्या, पिनवर्म यात दिसत नाहीत. म्हणून आकड्यासोबत घोडा बघणारा पशुवैद्यक हवाच.

वजनाचा अंदाज डोळ्यानं करू नका. कापडी टेपनं पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे साधारण वजन किलोत. घेर १५० आणि लांबी १३५ असलेलं तट्टू सुमारे २५५ किलोचं. कमी डोस दिला की जंत मरत नाहीत, फक्त शिकतात. शिंगराच्या अंगाचं माप वेगळं असतं, त्याचा हिशोब पशुवैद्यकाकडूनच करून घ्या. गायीबैलांसाठीचं जंताचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका.

शिंगराचं वेळापत्रक मोठ्या घोड्यासारखं नसतं. दोन-तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकाला दाखवा. पोट सुटलेलं, खोकणारं शिंगरू असेल तर औषध कुठलं हे त्यांनाच ठरवू द्या. काही औषधं जंताला एकदम लुळं करतात, काही सावकाश मारतात. तिथं हा फरक जीवनमरणाचा असतो.

लीद उचला. चरायच्या जागेतून आठवड्यातून दोनदा तरी. आपल्याकडे पावसात हे फार महत्त्वाचं. ऊबदार ओलाव्यात अंड्यातून निघालेली अळी आठवडाभरात गवतावर चढायला तयार होते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात ती उघड्यावर वाळून मरते. परदेशी वेळापत्रकं तिकडच्या थंडी-उन्हाळ्यावर बेतलेली असतात, आपलं वेळापत्रक आपल्या पावसावर बेतायला हवं. लीद खड्ड्यात नीट कुजवून मगच शेतात घाला.

चंदी आणि वैरण जमिनीवर टाकू नका, तोबऱ्यात किंवा गव्हाणीत द्या. एका कुरणात आलटून पालटून गुरं चारली तर चालतं, उलट फायदाच होतो, कारण घोड्याच्या स्ट्राँगाइलच्या बहुतेक अळ्या गायीबैलांच्या पोटात गेल्या की संपतात.

आणि घोडा लोळतोय, घाम फुटलाय, लीद बंद झालीय असं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पोटशूळ म्हणजे तातडीची वेळ.

तात्यांच्या तीन पिशव्या

त्या दिवशी आजी आणि सून गेल्यावर मी बाहेर ताडपत्रीखाली गेले. तात्यांना म्हणाले, "तेव्हा मी न बघता बोलले होते. चूक माझी होती."

ते थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पण विचारलं नव्हतं ना पुढचं."

दुसऱ्या दिवशी ते तीन पिशव्या घेऊन आले. प्रत्येकीवर कोळशानं खूण केलेली. मी त्या मित्राकडे पाठवल्या. राणीचा आकडा आला ५०. वरातीच्या पांढऱ्या घोड्याचा १००. आणि दोन वर्षांच्या तरण्या घोड्याचा १,३५०. एकाच तबेल्यात, एकाच वैरणीवर. मित्र म्हणाला की कळपात असंच असतं, थोडे घोडे बहुतेक अंडी टाकतात आणि बाकीचे बिचारे उगाच औषध खातात. स्ट्राँगाइलचं औषध एकट्या तरण्या घोड्याला दिलं. राणीच्या शेपटीखालच्या सेलोटेपवर पिनवर्मची अंडी सापडली, तिला त्याचं वेगळं औषध आणि ती जागा रोज कोमट पाण्यानं पुसून घ्यायचं काम. पुसायचं फडकं वेगळं ठेवायला सांगितलं.

महिन्याभरानं नातू शांत झोपू लागला. राणीच्या शेपटीला केस यायला अजून वेळ लागेल.

परवा तात्या गोळ्या न्यायला आले होते. उठता उठता म्हणाले, "मॅडम, राणी परत गाभण हाय."

मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कधीपासून? सांगा नीट."